अण्णांची अक्षरं

भाऊबीज होऊन दोन दिवस झाले होते. चिवड्याच्या डब्यात तळाला शेंगदाणे आणि मीठ तेवढं उरलं होतं. दुपारी मी अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, कॉम्प्युटरसमोर बसले होते आणि आई मागं पलंगावर ताटात गहू घेऊन निवडत होती. ताटावर बोटं फिरली की होणारा तो खरखर आवाज मला लहानपणापासून आवडतो. त्या आवाजात काम चांगलं होतं. मी अण्णांची एक फाईल उघडली. फाईलचं नाव नुसता आकडा, १९७२. पडद्यावर आली ती इंग्रजी अक्षरं, पण इंग्रजी नव्हे. कुणाच्या डोक्यावर टोपी, कुणाच्या डोक्यावर दोन ठिपके, मध्येच पौंडाचं चिन्ह, मध्येच उलटं प्रश्नचिन्ह. मी खाली गेले, आणखी खाली गेले. तेरा पानं, सगळी अशीच. खरखर थांबली. आई उठून खुर्चीमागं आली, चष्मा नाकावर सरकवून बराच वेळ बघत राहिली. "उर्दू हाय का गं?" मी नाही म्हणाले. "मग मोडी?" तेही नाही. "मग तुझ्या अण्णानं लिव्हलंय तरी काय?"

मला उत्तर देता आलं नाही.

२०२५ च्या सप्टेंबरात आमच्याकडं जो पाऊस झाला तो सगळ्यांनी पाहिला आहे. मांजरा पात्र सोडून वाहिली, उभं सोयाबीन पाण्यात गेलं, शेंगांना झाडावरच कोंब फुटले. आमचं गावाकडचं सहा एकर त्यात होतं. त्यामुळं ऑक्टोबरात कॉम्प्युटरच्या पडद्यावर तो निळा संदेश वारंवार येऊ लागला, की १४ ऑक्टोबर २०२५ नंतर विंडोज दहाला सुरक्षेचे अपडेट मिळणार नाहीत, तेव्हा नवा कॉम्प्युटर घेण्याचा विचारही घरात कुणी केला नाही. आमचं यंत्र २०१३ चं. विंडोज अकरा बसवायला मदरबोर्डवर टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, ठरावीक पिढीच्या पुढचा प्रोसेसर लागतो. आमच्याकडं दोन्ही नव्हतं. आणखी वर्षभर अपडेट मिळवायची सोय होती, पण त्यानंतर पुन्हा तोच प्रश्न. दुकानात नेलं तर दुकानदारानं झाकण उघडलंसुद्धा नाही. "ताई, याचं आता काही होत नाही. भंगारात घाला, मी चारशे देतो." मी तो डबा तसाच उचलून रिक्षात ठेवला आणि घरी आणला. चारशे रुपयांचं काही नव्हतं. त्या डब्याच्या उजव्या कडेला, पॉवरच्या बटणाजवळ, रंग उडून पांढरं पडलेलं आहे, तिथं अण्णांचा अंगठा रोज टेकायचा.

अण्णा अर्जनवीस होते. अंबाजोगाईला तहसीलसमोर पत्र्याच्या सावलीत एक टेबल, टेबलावर टाइपरायटर, खाली सतरंजीत गुंडाळलेले कोरे कागद आणि कार्बन. वारस नोंदीचा अर्ज, वाटणीपत्राचा मसुदा, बांधावरून झालेल्या भांडणाची तक्रार, दुष्काळी अनुदानाची मागणी. माणूस समोर उकिडवा बसून सांगायचा आणि अण्णा त्याच्या बोलण्यातलं कामाचं तेवढं उचलून टाइप करायचे. मी शाळेतून येताना तिथं थांबायची. टाइपरायटरची ती घंटी, ओळ संपली की हातानं मागं ढकलायचा रूळ, आणि उन्हात तापलेल्या पत्र्याचा वास. पुढं कॉम्प्युटर आला तेव्हा अण्णा पन्नाशीला आलेले. त्यांनी टाइपरायटरचाच कळफलक त्यावर चालवणारं मराठी सॉफ्टवेअर घेतलं. त्याच्यासोबत अंगठ्याएवढं एक कुलूप यायचं. ते डब्याच्या पाठीमागं खोचलं तरच मराठी उमटायची. अण्णा रात्री ते कुलूप काढून देव्हाऱ्याच्या खणात ठेवत. आईला तेव्हा खात्रीच होती, की मराठी त्या कुलपातच असते.

भाऊबीजेला बहीण आली, तिच्यासोबत भाचा. तो संभाजीनगरला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ओवाळून झाल्यावर त्यानं खिशातून पेनड्राइव्ह काढला. "मावशी, यात लिनक्स मिंट आहे, विंडोजच्या जागी चालतं. आधी नुसतं पेनड्राइव्हवरून चालवून बघू. आजोबांच्या हार्ड डिस्कला हात लागणार नाही. नाही आवडलं तर काढून घेऊ, कॉम्प्युटर आहे तसा." मला हे फार आवडलं, दाराच्या आत न येता उंबऱ्यावरून विचारल्यासारखं. कॉम्प्युटर सुरू होताना त्यानं एक कळ दाबून ठेवली आणि दोनेक मिनिटांत पडद्यावर वेगळंच अंगण उघडलं. शांत, करड्या-हिरव्या रंगाचं. कोपऱ्यात मेनू, घड्याळ, सगळं ओळखीच्या जागी. एरवी घरघर करणारा पंखा मंद झाला होता. भाषांची यादी उघडली तर त्यात मराठी होती. फोल्डरला तिथं संचयिका म्हणतात. आमच्या शाळेत मुलांच्या बचतीची संचयिका असायची, पाच-दहा रुपये जमा करायची. तो शब्द इतक्या वर्षांनी इथं भेटला. ही भाषांतरं कुणीतरी पगाराशिवाय, आपल्या वेळात केलेली आहेत असं भाच्यानं सांगितलं. काही शब्द अवघडलेले आहेत, काही ठिकाणी मध्येच इंग्रजी राहिलं आहे. तरीही ज्यानं कुणी रात्री बसून ते लिहिलं त्याच्याबद्दल मला जवळीक वाटली.

आईनं विचारलं, "कितीला बसतंय हे?" फुकट, म्हटल्यावर तिचा चेहरा संशयी झाला. आमच्याकडं फुकट येणाऱ्या गोष्टींचा अनुभव काही चांगला नाही. भाचा तिच्याजवळ जाऊन बसला आणि समजावू लागला. आजी, नुसतं फुकट नाही. हे कसं बनवलंय तेही उघडं ठेवलेलं आहे. कुणीही वाचावं, बदलावं, बदललेलं दुसऱ्याला द्यावं. अट एवढीच, की पुढं देताना तेही असंच उघडं द्यायचं. १९९१ साली हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्यानं याचा गाभा लिहायला घेतला, त्याआधी १९८३ पासून रिचर्ड स्टॉलमन अमेरिकेत बाकीचे भाग जमवत होते, आणि पुढं हजारो लोकांनी त्यात भर घातली. आईनं सगळं ऐकून घेतलं. ती म्हणाली, "घरच्या बियाण्यावाणी म्हण की." भाचा क्षणभर थांबला. पूर्वी आजोळी ज्वारीची चांगली कणसं निवडून, राखेत घोळून, कणगीत वेगळी ठेवत. शेजाऱ्याचं बी गेलं तर त्यातलंच पायलीभर द्यायचं आणि पुढच्या सुगीला परत यायचं. आता कपाशीचं पाकीट दरवर्षी दुकानातून आणावं लागतं, मागच्या वर्षीचं बी पेरून चालत नाही. आईला कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही, पण उसनं बी आणि विकत पाकीट यातला फरक तिनं आयुष्यभर पाहिलेला आहे.

तरी प्रत्यक्ष बसवायची वेळ आली तेव्हा माझा हात अडला. अण्णांना जाऊन तीन वर्षं झाली. त्यांच्या डेस्कटॉपवरची चित्रं त्यांनी लावली तशीच होती: डावीकडं कामाच्या फायली, उजवीकडं नातवंडांचे फोटो, आणि मधोमध काहीच नाही, कारण मागं योगेश्वरीचं चित्र होतं आणि देवीच्या तोंडावर काही यायला नको. मी मोबाईलवर त्या पडद्याचा फोटो काढला. एक तिरपा आला म्हणून दुसरा काढला. भाच्यानं अण्णांच्या सगळ्या फायली बाहेरच्या डिस्कवर उतरवल्या, मग पुन्हा एकदा दुसऱ्या पेनड्राइव्हवर उतरवल्या. एखाद्याचं घर पाडायच्या आधी भांडी, फोटो, देव बाहेर काढून ठेवावेत तसं. मग त्यानं विचारलं, "पुसू?" आई म्हणाली, "पूस बाबा." मी काही बोलले नाही. वीसेक मिनिटांत झालं.

प्रिंटरनं मात्र तीन संध्याकाळी घेतल्या. मला शाळेच्या प्रश्नपत्रिका काढायच्या होत्या आणि तो नुसता दिवा लुकलुकवत होता. जुन्या प्रिंटरसाठी लागणारा ड्रायव्हर, म्हणजे त्याला चालवणारा प्रोग्रॅम, शोधायचा, बसवायचा, नाही चालला की काढायचा. भाचा फोनवर ओळी सांगायचा आणि मी त्या काळ्या खिडकीत एकेक अक्षर बघून टंकायची. त्याच वेळी त्यानं सांगितलं, की स्टॉलमन यांच्या डोक्यात हा विचार पक्का होण्यामागंही एक प्रिंटरच होता. एमआयटी विद्यापीठातल्या त्यांच्या प्रयोगशाळेत नवा लेझर प्रिंटर आला, तो अडकायचा. आधीच्या प्रिंटरच्या प्रोग्रॅममध्ये त्यांनी स्वतः भर घालून अडकल्याचा निरोप लोकांना जाईल असं केलं होतं, पण या नव्याचा मूळ प्रोग्रॅम त्यांना कुणी दाखवेना. ज्याच्याकडं होता त्यानं न दाखवण्याचं वचन दिलेलं होतं. तिसऱ्या संध्याकाळी आमच्या प्रिंटरनं घसा साफ केल्यासारखा आवाज केला आणि इयत्ता सहावीची भूगोलाची प्रश्नपत्रिका बाहेर आली. कागद गरम होता. मी तो आईच्या हातात दिला.

पण प्रिंटरच्याही आधी, दुसऱ्याच दिवशी, ती फाईल.

भाच्याला फोन केला तेव्हा पलीकडं बराच वेळ शांतता. मग तो म्हणाला, "मावशी, फॉन्ट." आम्ही फायली नीट वाचवल्या होत्या, पण फॉन्ट सी ड्राइव्हवर विंडोजच्या पोटात होता आणि तो आम्हीच पुसला होता. ही गोष्ट मला त्यानं शांतपणे समजावून सांगितली. अण्णांच्या त्या सॉफ्टवेअरमध्ये मराठी अक्षरं मराठी म्हणून साठवलीच जात नसत. कॉम्प्युटरला २५६ घरं माहीत होती आणि ती इंग्रजी व युरोपातल्या अक्षरांची. त्या घरांवर फॉन्टवाल्यांनी आमच्या अक्षरांचे आकार चिकटवले: इथं अर्धा क, तिथं काना, तिथं उकार. कॉम्प्युटरला वाटायचं आपण टोपी घातलेला युरोपी स्वर जपून ठेवतोय. माणसाला त्या जागी 'ळ' दिसायचा. फॉन्ट असेपर्यंत सगळं ठीक. फॉन्ट गेला की आकार गळून पडतात आणि खालची परकी अक्षरं उघडी पडतात. शिवाय प्रत्येक कंपनीची चिकटवायची जागा वेगळी. एकाच्या फॉन्टात जो 'ळ', तो दुसऱ्याच्या फॉन्टात 'ढ'. म्हणजे यात विंडोजचा दोष नव्हता आणि लिनक्सचाही नव्हता. वीस वर्षं आमच्या घरातली मराठी एका मुखवट्यावर उभी होती, आणि ते आम्हाला घर बदलताना कळलं.

आईनं उर्दू आणि मोडी का विचारलं, ते मला त्या रात्री अंथरुणावर पडल्यावर उमगलं. आमच्या घरी लाल फडक्यात बांधलेला एक कागद आहे. पणजोबांच्या वेळचा, अंबाजोगाईचं नाव मोमिनाबाद होतं तेव्हाचा. मजकूर उर्दूत, कडेला मोडीत दोन ओळी, आणि साल निजामी कालगणनेतलं, फसली १३४४, म्हणजे १९३४-३५ च्या सुमाराचं. घरात कुणालाच तो वाचता येत नव्हता. अण्णा तो घेऊन उर्दू शाळेतून निवृत्त झालेल्या एका गुरुजींकडं गेले होते. मी सोबत होते, आठ-नऊ वर्षांची. गुरुजींनी आधी हात धुतले, पुसले, मग कागद उलगडला. वाचून म्हणाले, की शिवारातल्या अमुक विहिरीत तुमचा चार आणे हिस्सा आहे. ती विहीर आम्हाला शेजाऱ्याची म्हणून माहीत होती. येताना अण्णा माझं बोट धरून चालत होते, फार हळू. ते म्हणाले, "इतकी वर्षं कागद आपल्याच घरात होता बघ." एवढंच म्हणाले. दुसऱ्यांचे कागद लिहून पोट भरणाऱ्या माणसाला स्वतःच्या घरातला कागद वाचता येऊ नये, हे त्यांना किती लागलं असेल, ते मला आता कळतं. मराठवाड्यात असे कागद घरोघरी आहेत. अलीकडं कुणबी नोंदी शोधताना मोडी आणि उर्दू वाचणारी माणसं कशी धुंडाळावी लागली ते आपण पाहिलंच. आणि याच अंबाजोगाईत संतकवी दासोपंतांनी कापडावर लिहिलेली पासोडी आहे. चारशे वर्षांपूर्वीचं लिखाण, त्याला ना कुलूप ना फॉन्ट. अण्णांची फाईल वीस वर्षांचीही नव्हती.

फॉन्ट सापडला तो अण्णांच्या शिस्तीमुळं. तेव्हा बाहेरच्या प्रेसमध्ये लग्नपत्रिका छापायला दिली तरी फाईलसोबत फॉन्टही न्यावा लागायचा, नाहीतर तिथं उघडायची नाही. कपाटात, जुन्या पंचांगांच्या खाली, एक सीडी होती. तिच्यावर निळ्या मार्करनं अण्णांच्या वळणदार अक्षरात 'प्रेससाठी'. ओरखडे पडलेली. पहिल्यांदा घातली, फिरून थांबली. दुसऱ्यांदाही तसंच. आईनं ती पदरानं पुसून दिली. तिसऱ्यांदा आत काहीतरी घुमत राहिलं आणि पडद्यावर चार फायली आल्या. भाच्यानं सांगितलं तशी मी फॉन्टची फाईल उचलून नव्या संचयिकेत ठेवली आणि १९७२ पुन्हा उघडलं.

"मी तेव्हा अठरा वर्षांचा होतो."

आई मागं उभी होती. तिनं ती ओळ मोठ्यानं वाचली आणि तिचा हात माझ्या खांद्यावर जड झाला. त्या संध्याकाळी आम्ही तेरा पानं वाचली. पाझर तलावाच्या दुष्काळी कामावर फोडलेली खडी, हातोडीनं फुटलेलं अंगठ्याचं नख, दुपारी ओंजळीत मिळणारी सुकडी, अमेरिकेहून आलेली लाल मिलो ज्वारी आणि तव्यावर टाकताच चिरणारी तिची भाकरी. बैल सोडून दिले तो दिवस. बैलांची नावं. अण्णांनी आम्हाला यातलं काहीही कधी सांगितलं नव्हतं. दिवसभर दुसऱ्यांच्या तक्रारी लिहून झाल्यावर रात्री ते हे लिहीत बसायचे, आणि आम्हाला वाटायचं उरलेलं काम करतायत.

फाईल वाचता आली, तेवढ्यावर थांबता आलं असतं. पण मला झोप येईना. सीडी अजून किती दिवस चालेल, तो फॉन्ट पुढच्या यंत्रावर चालेल की नाही, माझ्या मागं कुणाला ठाऊक असणार की आधी काय बसवायचं? मला हे लिखाण अशा मराठीत हवं होतं, जिला आधाराला काही लागत नाही. युनिकोडमध्ये, म्हणजे जगभर एकच धरलेल्या अक्षरांच्या यादीत, प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. 'क' म्हणजे २३२५, अंबाजोगाईतही आणि हेलसिंकीतही, कुठल्याही फॉन्टात. भाच्यानं एक छोटा प्रोग्रॅम लिहायला घेतला आणि मी त्याला तक्ता पुरवायचा असं ठरलं: हे टोपीवालं अक्षर म्हणजे आमचा अमुक. तीन आठवडे मी शाळेतून आल्यावर हेच केलं. सोपं वाटलं होतं, नव्हतं. टाइपरायटरवर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी मारतात, कारण ती डावीकडं दिसते. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते. त्यामुळं पहिल्या फेरीत सगळ्या विहिरींची वेलांटी सुटून मागच्या अक्षराला जाऊन चिकटली. रफाराचं उलटं. तो आम्ही अक्षर लिहून झाल्यावर डोक्यावर देतो, पण उच्चारात र आधी, म्हणून साठवायचाही आधी. कर्ज, वर्ष, मार्च, सगळे शब्द एकेक करून रांगेत उभे केले. शाळेत मी मुलांना वीस वर्षं तरी जोडाक्षरं शिकवली आहेत, आणि आपल्या अक्षराची हाडं अशी सुटी करून पहिल्यांदाच पाहिली.

शेवटी काही चौकटी उरल्या. पानभर नीट मराठी आणि मध्येच रिकामी चौकट. बघता बघता लक्षात आलं, की सगळ्या चौकटी एकाच अक्षराच्या आहेत. भाच्यानं आधाराला घेतलेला तक्ता हिंदीचा होता, आणि 'दर्या' व 'दऱ्या' यातला फरक हिंदीला लागत नाही. य ला आडवा चिकटणारा तो र आपला. वाऱ्यावर, तिसऱ्या, खुऱ्यापाशी, सगळीकडं तेवढी जागा कोरी. तक्त्यात एक ओळ वाढवली असती तर सगळ्या एकदम भरल्या असत्या. पण तेव्हा भाच्याची परीक्षा चालू होती, म्हणून मी हातानंच भरायला बसले. आई शेजारी खुर्ची घेऊन बसली. मी वाचायची, अडले की ती शब्द सांगायची. नवव्या पानावर अण्णांनी गावच्या बारवेचं लिहिलं आहे. पाणी इतकं खाली गेलं, की कधी न दिसलेल्या 'पा', मग चौकट, मग 'या' उघड्या पडल्या.

"पायऱ्या," आई म्हणाली.

मी अक्षर भरलं आणि पुढं वाचलं. उतरताना मोजल्या, एकोणीस.

"एकवीस," आई म्हणाली. "खालच्या दोन गाळात होत्या. त्येनं वरून मोजल्या असतील. पाण्याला मी उतरायची, घागर घेऊन. पायाला लागायच्या त्या."

मी अण्णांचे एकोणीस तसेच ठेवले. त्या ओळीखाली एक नवी ओळ घेतली, आईकडं वळले आणि म्हणाले, "सांग."